पायलटचं जॅकेट

दिवाळीनंतर पायलटच्या अंगावर जॅकेट चढलं की शिवरात्र उलटल्याशिवाय उतरायचं नाही. जेवताना ते अंगावर, हातगाड्यावर चहा पिताना अंगावर, टायर बदलायला उकिडवा बसला तरी अंगावर. दुपारी ऊन तापलं की तो फक्त चेन खाली ओढायचा. मुरुमच्या बाजारपेठेत माझं कापडाचं दुकान आहे. दुकानासमोरून तो दिवसातून चारदा जायचा आणि चारही वेळा माझ्या पोटात दुखायचं. मोठ्या मनाचा माणूस असल्याचा आव मी आणणार नाही. मला त्याचा हेवा वाटायचा, आणि तो चांगला तीन वर्षं टिकला.

तो मूळचा बेंबळीचा. आमच्या सरकारी दवाखान्याची रुग्णवाहिका चालवायचा. ती चालवणाऱ्याला पायलट म्हणायची रीत आहे, त्यामुळं त्याचं खरं नाव गावात कुणाला ठाऊक नव्हतं. जॅकेट मात्र त्यानं खरोखरच जुन्या विमानातल्या पायलटांसारखं घेतलं होतं. जाड तपकिरी कातडं, केसाळ कॉलर, मनगटाला आणि कमरेला विणलेल्या लोकरी पट्ट्या. मोबाइलवरून मागवलेलं. तो दिवसभर गाडीवर असायचा म्हणून त्याची पार्सलं माझ्या दुकानात उतरायची. हे पार्सल त्यानं माझ्याच काउंटरवर फोडलं. त्या संध्याकाळी मी त्याच कंपनीचं, त्याच रंगाचं जॅकेट माझ्या मापाचं मागवलं.

सुरुवातीचे पंधरा दिवस फार सुखाचे गेले. नवं कातडं पत्र्यासारखं ताठ असतं. पायलटचे हात अंगाला टेकत नव्हते, तो शेतातल्या बुजगावण्यासारखा चालायचा. पोरं त्याला सलाम ठोकायची आणि मीही गल्ल्यावर बसून हसून घ्यायचो. त्याला काही वाटत नसे. तसाच गाडीत बसायचा, स्टेअरिंग वळवायचा, स्ट्रेचर उचलायचा. माझं जॅकेट मी दुकानातल्या काचेच्या कपाटात, प्लास्टिकच्या पिशवीत, घडी घालून ठेवलं होतं. चांगली वस्तू सणासमारंभाला काढायची, हे आमच्या धंद्यातलं शहाणपण.

संक्रांतीपर्यंत त्याच्या जॅकेटचं रूप पालटलं. कोपरांवर वळ्या पडल्या, खांदे खाली बसले, खिशाच्या कडा हाताळून उजळल्या. बाजाराला आलेले शेतकरी त्याला थांबवून विचारायचे, मिलिटरीतलं हाय का. मी मध्ये तोंड घालून सांगायचो की हे मोबाइलवरनं येतं, माझ्याकडंही अगदी असंच आहे. एकदा तर कपाटातून काढून दाखवलं. त्या माणसानं माझं जॅकेट बोटानं दाबून बघितलं आणि विचारलं, हे रेक्झिनचं का. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

शेवटी अभिमान गिळून मी पायलटला युक्ती विचारली. तो म्हणाला, "मालक, कापडाला घडी लागती, कातड्याला माणूस लागतो. कपाटातनं काढा आन् अंगावर ठेवा." कापडवाल्याला त्याच्याच दुकानात असं ऐकवायला जिगर लागते. मला वाटलं, हा खरी गोष्ट लपवतोय.

लपवण्यासारखं त्याच्याकडं काही नव्हतं. तो सगळं उघड्यावर करायचा. ड्यूटी संपली की पिळलेल्या फडक्यानं जॅकेट पुसायचा. सुताराकडून त्यानं खांद्याएवढा रुंद लाकडी हँगर करून घेतला होता, खिळ्याला कधी टांगायचा नाही. अवकाळी पावसात भिजलं तर बाह्यांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवायचा. चेनवर मेणबत्ती घासायचा. कॉलरचे केस तान्ह्या बाळाच्या कंगव्यानं विंचरायचा, आणि त्यावरून नर्सबाईंनी त्याची चेष्टा केली की म्हणायचा, बाळच हाय ते. शिवरात्रीनंतर जुन्या धोतराच्या खोळीत घालून ठेवायचा आणि त्याआधी वाटाण्याएवढं क्रीम तळहातावर घेऊन एकदाच चोळायचा. मी त्या वाटाण्यावर हसलो. आमच्या भागात नवी चप्पल घेतली की ती एरंडेलात भिजवतात. एरंडेल प्यायलं की कातडं मऊ होतं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

तेव्हा मी अर्धा डबा एरंडेल घेतलं, जॅकेटला आतून-बाहेरून पाजलं आणि बाहेरच्या जिन्यानं घराच्या गच्चीवर नेऊन उन्हात टाकलं. शेजारी बायकोचे पापड वाळत होते. पलीकडं डाळीची गिरणी. दुपारी वारा सुटला आणि गिरणीतला सगळा भुसा माझ्या जॅकेटवर येऊन बसला. संध्याकाळी गच्चीवर गेलो तर बेसनात घोळलेल्या भज्यासारखं दिसत होतं. वास असा की मांजर फिरकेना. बायकोनं कातड्याशेजारचे म्हणून सगळे पापड म्हशीपुढं टाकले आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

पायलट हसला असता तर मला बरं वाटलं असतं. तो हसला नाही. ज्वारीचं पीठ मागून घेतलं, जॅकेटभर चोळलं, दिवसभर तसंच ठेवलं, मग ब्रशनं झाडलं. असं तीनदा केलं. म्हणाला, "चपलीला तेल पाजावं, ती धुळीत फिरती. हे अंगावर असतंय. ह्याला अंगाचंच तेल पुरतं, मालक." डाग राहिले ते राहिलेच. मी आभार मानले, आणि मनातल्या मनात त्याला दोन शिव्या घातल्या.

इथवरचा हेवा गमतीचा म्हणता येईल. पुढचा नाही.

माझे वडील, अप्पा, फार कडक. कातड्याची वस्तू घरात चालत नसे. पट्टा, पाकीट, घड्याळाचा पट्टासुद्धा बाहेर पोर्चमधल्या फळीवर काढून ठेवायचा, हातपाय धुवायचे, मगच उंबरा ओलांडायचा. पन्नाशी आली तरी मी हे करत होतो. माझं जॅकेट दुकानात राहायचं त्याचंही हेच कारण. अप्पा माझ्याशी बोलायचे ते दुकानापुरतं. माल आला का, शटर नीट ओढलंस का. त्यांनी कधी पाठीवर हात ठेवल्याचं मला आठवत नाही, आणि मीही त्यांना कधी काही विचारलं नाही.

एका थंडीत सकाळी अप्पांना धाप लागली. दवाखान्यातून सोलापूरला हलवायला सांगितलं. रुग्णवाहिकेत ते थरथर कापत होते, चादर पुरेना. गाडी सुरू करायच्या आधी पायलट मागं आला, अंगातलं जॅकेट काढलं आणि अप्पांच्या छातीवर घातलं. मी म्हणणार होतो, अरे, त्यांना कातडं चालत नाही. पण अप्पांनी दोन्ही मुठींत कॉलर धरली आणि सोलापूर येईपर्यंत सोडली नाही. मी शेजारी बसलो होतो. माझा हात मोकळाच होता.

अप्पा बरे होऊन घरी आले, पण खाटेला धरून राहिले. साखरेनं नजर गेली होती, माणूस सावलीसारखा दिसायचा. पायलट रोज संध्याकाळी डोकवायचा. पहिल्या दिवशी तो फळीपाशी जॅकेट काढायला लागला तर अप्पा आतून ओरडले, "राहू दे, राहू दे. बा, बा." कानडीत ये, ये. ही भाषा ते फक्त अगदी जवळच्यांशी बोलायचे. तो खाटेवर बसायचा, अप्पा त्याच्या बाहीवर हात ठेवायचे आणि दोघं हळू आवाजात बोलत राहायचे. मी आत गेलो की गप्प व्हायचे. एकदा न राहवून मी अप्पांना म्हणालो की आमचे पट्टे फळीवर आणि त्याचं जाकीट खाटेवर, हा कुठला न्याय. ते म्हणाले, "त्याचं वेगळं हाय," आणि भिंतीकडं तोंड करून झोपले.

हे माझ्याविषयी काय बोलत असतील, या विचारानं माझी झोप उडायची. माझी गाऱ्हाणी चालली असणार याची मला खात्री होती. परका माणूस दोन वर्षांत माझ्या बापाच्या खाटेवर जाऊन बसला आणि मला ती जागा पन्नास वर्षांत मिळाली नव्हती. पायलटला बघितलं की माझ्या अंगाची आग व्हायची. तो मात्र मला बघून तसाच हसायचा.

मग त्याला गडचिरोलीकडं पाठवायचं ठरलं. निघायच्या आदल्या दिवशी तो दुकानात निरोप घ्यायला आला. मी लाज सोडली आणि म्हणालो, जॅकेट बदलून घेऊ या, तुझं मला दे, माझं तू ने. मला वाटलं, हा रागावेल. त्यानं जागच्या जागी जॅकेट उतरवलं, खिशातला कंगवा काढून घेतला आणि माझं डागाळलेलं जॅकेट अंगात घातलं. म्हणाला, "चालतंय की. मला काय, हे घडवायचं अजून सुख राहिलंय." तीन वर्षं मी ज्याच्यापायी झुरलो ते त्यानं काउंटरवर ठेवलं आणि हात मोकळे हलवत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी ते घालून घरी गेलो. पोटावर चेन लागेना. कोपरातल्या वळ्या माझ्या कोपराच्या दोन बोटं वर येत होत्या. फळीपाशी थांबलो, पट्टा काढला, पाकीट काढलं. जॅकेट काढलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी कातडं घालून तो उंबरा ओलांडला आणि अप्पांच्या खाटेवर जाऊन बसलो.

त्यांचा हात चाचपडत बाहीवर आला. कोपरापर्यंत गेला, तिथंच थांबला.

"आलास व्हय, पायलट? म्हनलं, न भेटताच गेलास."

मी मल्लू आहे, एवढं म्हणायचं होतं. बाही तशीच त्यांच्या हाताखाली राहू दिली.

ते म्हणाले, "आज मल्लू तीनदा येऊन बघून गेला. त्याला वाटतंय म्या झोपलोय. दारातनं बघतो आन् जातो." मग बाहीवर बोट फिरवत म्हणाले, "लई कष्टाळू पोरगं हाय रं ते. दुकान त्यानंच उभं केलं, म्या न्हाय. पर त्याच्याशी बोलाय गेलो की माल आला का, एवढंच तोंडातनं येतंय बघ. तुला रोज सांगतो, तुझ्यापाशी बोललो की बरं वाटतंय."

रोज सांगतो, म्हणाले. म्हणजे त्या सगळ्या संध्याकाळी मी भिंतीपलीकडं तळमळत होतो तेव्हा हेच चाललं होतं. मी त्यांचा हात धरून ठेवला. अप्पांनी विचारलं, "सांगशील का त्याला, माझ्या मागारी?" मी आवाज न करता त्यांचा हात दाबला.

दीड महिन्यानं अप्पा गेले. मधल्या दिवसांत मी रोज संध्याकाळी जॅकेट घालून त्यांच्यापाशी बसत होतो, आणि मल्लू आहे असं एकदाही सांगितलं नाही. त्यांनीही पुन्हा पायलट अशी हाक मारली नाही.

जॅकेट मी आता थंडीभर वापरतो. फडक्यानं पुसतो, रुंद हँगरला लावतो, क्रीम वाटाण्याएवढंच. पायलटचा अधूनमधून फोन येतो. तिकडच्या पावसात त्यानं माझं जॅकेट मऊ केलंय म्हणतो, आणि मला त्याचा पुन्हा हेवा वाटतो, पण जॅकेटचा नाही. माझ्या बापानं माझं कौतुक केलं ते दोन वर्षं त्यानं ऐकलं, माझ्या वाट्याला जेमतेम दीड महिना आला. अप्पा आणखी काय काय म्हणायचे ते त्याला विचारावं असं दर वेळी वाटतं. मी विचारतो, पाऊस आहे का तिकडं, आणि फोन ठेवतो.