अकरा स्वेटर आणि एक पातेलं

एका मंगळवारी सकाळी मी दुसऱ्यांच्या मुलांचे अकरा स्वेटर एका स्टीलच्या पातेल्यावर देऊन टाकले. घासाघीससुद्धा केली नाही.

साठ-एकसष्ट साल असेल. लग्न होऊन मी पुण्याहून बंगलोरला आले होते. ह्यांची नोकरी सरकारी कारखान्यात इंजिनियरची आणि बिऱ्हाड मल्लेश्वरममध्ये, रुक्मिणम्मांच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत. आसपासच्या मराठी बायकांची एकच तक्रार होती. मुलं दिवसभर रस्त्यावर कन्नड बोलतात आणि घरी येऊन "आई, नीर दे" म्हणतात! मी पुण्यात तीन महिने बालवर्गाचं शिक्षण घेतलं होतं. (त्यातला एक महिना मी गोवराने अंथरुणात होते, पण हे मी कुणाला सांगितलं नाही.) तेव्हा मंगळवारी नि शुक्रवारी सकाळी आमच्या व्हरांड्यात माझा बालवर्ग सुरू झाला. दहा मराठी मुलं आणि अकरावी रुक्मिणम्मांची नात, पुट्टी. वय वर्षं पाच. तिला मराठी शिकायची गरज नव्हती, पण व्हरांडा तिच्या आजीचा असल्यामुळे तिला नाही म्हणायची माझी छाती नव्हती.

डिसेंबर आला तशी मी थंडीची गाणी घ्यायचं ठरवलं. गाणं स्वतः रचलं, चाल स्वतः लावली, हातवारेही स्वतःच बसवले.

थंडी आली, थंडी आली, खिडकीतून आत,
नाकाला म्हणाली, "बाबा, धर माझा हात!"

'खिडकीतून आत' म्हणताना दोन्ही हात वर करायचे होते. एकाही मुलाचा हात वर जाईना! कसा जाणार? बंगलोरच्या त्या गुलाबी हवेला थंडी म्हणणं म्हणजे पुण्याच्या थंडीचा अपमान होता, पण तिथल्या आया मुलांना हिमालयात पाठवत असल्यासारख्या गुंडाळत. आत बनियन, वर सदरा, त्यावर जाड लोकरीचा स्वेटर, गळ्यात मफलर, डोक्यावर माकडटोपी. चार वर्षांचा शशी तर खाली पडला की उचलून उभा करेपर्यंत तसाच पडून राही. शेवटी मी दुसरं कडवं रचलं आणि तिथेच मला ग्रहण लागलं.

स्वेटर काढा, ढीग करा,
उन्हात जाऊन गिरक्या मारा!

मुलांना हे कडवं भयंकर आवडलं. त्या मंगळवारी बघता बघता व्हरांड्यात स्वेटरांचा डोंगर झाला. सगळे घरी विणलेले! कुणाच्या छातीवर बदक, कुणाच्या पाठीवर विमान. आणि मुलं मागच्या अंगणात उन्हाकडे धावणार, एवढ्यात फाटकातून हाक आली.

"अम्मा! हळे बट्टे इद्या?"

डोक्यावर भांड्यांची टोपली, काखेत कपड्यांचं गाठोडं. जुने कपडे घेऊन भांडी देणारी बाई होती. तिनं टोपली आणि गाठोडं थेट व्हरांड्याच्या पायरीवर उतरवलं. मला तोवर कन्नडचे पाच-सहा शब्द येत होते आणि ते वापरायची संधी मी कधी सोडत नसे. तिला मला एवढंच सांगायचं होतं, 'बाई, तुझं सामान उचल आणि जा, मुलं खेळतायत.' मी पायरीकडे जोरात हात केला आणि ऐटीत म्हणाले,

"तगोंडु होगी!" घेऊन जा!

बाईनं माझ्याकडे पाहिलं. मग मागच्या ढिगाकडे पाहिलं. डोळे विस्फारून तिनं विचारलं, "एल्लाना?"

एल्ला म्हणजे सगळं, एवढं मला येत होतं. अर्थात सगळं! टोपली नेऊन गाठोडं इथे ठेवणार होती की काय?

"एल्ला, एल्ला! बेग!" म्हणजे सगळं आणि लवकर!

"सरी अम्मा," ती म्हणाली. इतक्या आज्ञाधारक आवाजात माझ्याशी त्या गावात अजून कुणीच बोललं नव्हतं. मी खूश होऊन मुलांच्या मागे अंगणात गेले आणि पाव तास गिरक्या मारल्या.

परत आलो तर व्हरांडा मोकळा. मधोमध एक लखलखीत स्टीलचं पातेलं आणि त्यात एक डाव.

मी काय समजले असेन? मला वाटलं, कुणातरी आईनं गुपचूप ठेवलेली गुरुदक्षिणा! माझे डोळे भरून आले. पातेलं पदरानं पुसून मी मुलांना म्हणालेसुद्धा, "बघा हं मुलांनो, गुणांची कदर कशी होते ते!"

"मावशी," पुट्टी म्हणाली, "माझा स्वेटर यल्ली?"

"असेल गं इथेच."

"इथे नाही. त्या पात्रेवालीने नेला. तुम्हीच सांगितलं ना, तगोंडु होगी!"

"अगं, मी तिचं सामान ने म्हणाले!"

"नाही," पुट्टी शांतपणे म्हणाली. "तुम्ही एल्ला म्हणाला. आणि बेग पण म्हणाला."

अकरा वाजता आया मुलांना न्यायला येणार होत्या. एकेकीनं महिना-महिना डोळे फोडून विणलेले स्वेटर! आधीच बंगलोरात मराठी घरं मोजकी. ह्या गावात उरलेलं आयुष्य तोंड लपवून काढावं लागलं असतं. मुलांना एकटं सोडता येईना, म्हणून सगळ्यांना बरोबर घेतलं. सदऱ्यावर नेलं तर आयांनी रस्त्यातच मला फाडून खाल्लं असतं, म्हणून घरात असेल ते त्यांच्यावर गुंडाळलं. चादरी, टॉवेल, ह्यांची दोन धोतरं, आणि शशीच्या अंगावर ह्यांचा ऑफिसचा कोट. तो त्याच्या टाचांपर्यंत आला.

गडबड ऐकून रुक्मिणम्मा बाहेर आल्या. पुट्टीनं सगळी हकीकत दोन वाक्यांत सांगितली. (ती दोन वाक्यं मला पूर्ण कळली, हे दुर्दैव.) पुट्टीचा स्वेटर आजीनंच विणलेला होता. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, स्वेटर मिळो न मिळो, संध्याकाळपर्यंत खोल्या रिकाम्या कराव्या लागणार. पण त्यांनी चपला घातल्या.

"बा," त्या म्हणाल्या. "पात्रे तगो." म्हणजे चल, पातेलं घे. "आणि तू मात्र बोलू नकोस."

निघाली आमची वरात! पुढे रुक्मिणम्मा, मागे हातात पातेलं धरलेली मी, आणि माझ्यामागे धोतरं-चादरी सावरत अकरा मुलं. मुलांना वाटलं, हा खेळाचाच पुढचा भाग आहे. ती रस्ताभर घसा ताणून गात होती, 'स्वेटर काढा, ढीग करा!' लोक दुकानांतून बाहेर आले. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी आम्हाला कसली तरी मदत गोळा करणारे समजून माझ्या पातेल्यात मूठभर शेंगदाणे टाकले. मी 'नको' म्हणणार होते, पण मला बोलायची बंदी होती!

बाई सापडली ती मार्केटजवळच्या झाडाखाली. आमचे स्वेटर मांडूनच बसली होती. रुक्मिणम्मांनी तोंडाचा पट्टा सोडला, पण बाईही काही कमी नव्हती. माझ्याकडे बोट दाखवून तिनं जमलेल्या लोकांना माझी नक्कल करून दाखवली. "एल्ला, एल्ला! बेग!" नक्कल हुबेहूब होती. सगळे हसले. रुक्मिणम्मासुद्धा हसल्या आणि तिथेच भांडण मिटलं. पातेलं, डाव आणि शेंगदाणे तिला दिले. स्वेटर मोजले.

दहा.

शशीचा निळा नव्हता. बाईनं मान वळवून दाखवलं. शेजारी एक फूलवाली मोगऱ्याच्या माळा ओवत बसली होती. तिच्या मांडीवर तीन-एक वर्षांची मुलगी निळ्या स्वेटरात हात आत ओढून गाढ झोपली होती. अंगावर दुसरं काही गरम नव्हतं. रुक्मिणम्मांनी तोंड उघडलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"बिडी," मी म्हणाले. राहू दे. त्या दिवसात एवढा एकच कन्नड शब्द मी बरोबर वापरला.

अकराच्या आत दहा स्वेटर आपापल्या अंगांवर परत चढले. संध्याकाळी मी ह्यांना सगळं सांगितलं. हे गंभीरपणे ऐकत होते. मग म्हणाले, "अगं, पण पातेलं तरी ठेवून घ्यायचंस!"

शशीच्या आईची मी माफी मागितली. ती बिचारी "असू द्या हो" म्हणाली, पण मी हट्टाला पेटले. म्हटलं, नवा स्वेटर मी स्वतः विणून देणार! मला विणता येत नव्हतं, ही किरकोळ अडचण होती. तीन आठवडे मी सुया चालवल्या. डावी बाही बारीक आणि लांब झाली, उजवी आखूड आणि फुगीर. गळा इतका घट्ट की शशीचं डोकं नाकापर्यंत जाऊन अडकलं. त्याची आई मात्र म्हणाली, "अय्या, किती छान! सैल होईल हो वापरून."

पुढे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी तिच्याकडे गेले. तिनं तिळगूळ दिला, आग्रहानं चहाला बसवलं. आतून मोलकरणीनं ट्रे आणून समोर ठेवला. ट्रेमध्ये चिनी मातीची किटली होती आणि किटलीनं माझा स्वेटर घातला होता. लांब बाहीतून तोटी बाहेर आली होती आणि आखूड बाहीतून कान.

शशीची आई लालबुंद झाली. मी चहा प्यायले. चांगला कडकडीत होता. खरं सांगते, मापाला इतका तंतोतंत बसलेला कपडा मी उभ्या आयुष्यात दुसरा विणला नाही!