बांधावरच्या घुशी

सेबॅस्टियन गोदीतून निवृत्त झाला तेव्हा पाखाडीतल्या बायकांनी सेराफिनाला आधीच बजावलं होतं, "बाय, मजा संपली तुझी. गोदीतला माणूस घरी बसला की घराची गोदी करतो." सेराफिना हसली होती. तिला वाटलं, उभा जन्म हा माणूस पहाटेच्या काळोखात बोरिवली स्टेशन गाठत आला आणि दिवे लागल्यावर परतत आला. रविवारी देऊळ, जेवण आणि झोप. आता निदान बोलायला कुणीतरी मिळेल. मुलगी मरोळला दिलेली, घरात दुसरं कोण होतं?

बोलायला मिळालं, आणि पंधरवड्यात नकोसंही झालं. गोदीत तो टॅली क्लार्क होता, बोटीतून उतरलेला माल मोजून घेणारा. आता त्याने घर मोजायला घेतलं. मसाल्याच्या बाटल्या उंचीप्रमाणे लावल्या. अंड्यांवर पेन्सिलीने तारखा घातल्या. तवा चुलीच्या डावीकडे का, पाण्याची कळशी उंबऱ्याशी का, वाल भिजत घालायला एवढं मोठं पातेलं कशाला, असे प्रश्न दिवसभर चालत. सेराफिना आयुष्यभर त्या स्वयंपाकघरात एकटी वावरली होती. तिथे तिचे हात आपोआप चालत आणि मन कुठेही फिरून येई. आता मन फिरायला निघालं की पाठीमागून आवाज येई, "अगं, मीठ किती घातलंस?"

पावसाळा लागला तसे उंदीर घरात शिरले आणि त्याला नवा उद्योग मिळाला. बाजारातून दोन पिंजरे आले. सुका बोंबील कुठल्या टोकाने अडकवायचा यावर व्याख्यान झालं. उंदीर सापडला की तो पिंजरा हातात घेऊन शेजारच्या ल्युसीच्या दारापर्यंत जाऊन येई.

"बस्त्याव, आज पण शिकार?" ल्युसी विचारी. "वाघ कधी आणतोस?"

एका सकाळी पिंजरा चुलीपाशीच मांडलेला होता. सेराफिनाचा पाय त्यात अडकला, आमटीचं भांडं कलंडलं, आणि तिचा तोल गेला. "घरातले उंदीर काय, मांजर पण मारते," ती म्हणाली. "एवढी हौस आहे तर बांधावर जा की. तिथे घुशी आहेत, म्हशीएवढ्या. तुझ्या बापाचा बांध पोखरून काढलाय त्यांनी."

तिला त्याला फक्त घराबाहेर काढायचं होतं.

बांध म्हणजे खाडीचा बांध. पाखाडीच्या पश्चिमेला खाजण होतं, तिथे पाच घरांची शेतं एकाला एक लागून. खारं पाणी सोसणारं तांबडं भात तिथे होई. खाडी आणि भात यांच्यामध्ये तेवढा एक मातीचा बांध. पाचही घरचे पुरुष मुंबईत नोकऱ्या करत, म्हणून शेत बायकांचं झालं होतं. सेराफिनाने सासऱ्याच्या मागे ते एकटीने राखलं होतं. लावणी, बेणणी, कापणी तिची, आणि आगेऱ्याच्या, नव्या भाताच्या सणाच्या, रविवारी देवळात आशीर्वादाला न्यायची पहिली कणसंही तिच्याच हातची. नवरा पगार आणी, ती भात आणी. मनातून तिला आपलं पारडं जड वाटे.

सेबॅस्टियन कुदळ घेऊन बांधावर जाऊ लागला आणि घर शांत झालं. तो दुपारी चिखलाने माखून येई, दोन वेळचं एका वेळी जेवे आणि बसल्या जागी डुलक्या घेई. स्वयंपाकघर पुन्हा तिचं झालं. कितीतरी दिवसांनी कुणी काही विचारल्याशिवाय तिने कांदा चिरला.

एकदा ती त्याच्यासाठी पेज घेऊन बांधावर गेली. पाहते तो सेबॅस्टियन बांधाच्या आतल्या अंगाला कमरेइतक्या खड्ड्यात उभा. बिळाचा माग काढत काढत त्याने बांध खणत नेला होता. माती दोन्ही बाजूंना फेकलेली. पुढे असे आणखी खड्डे त्याने खणून पुन्हा बुजवले होते, वर कुदळीच्या पाठीने थोपटून सारखं केलेलं. एक मेलेली घूस शेपटीला धरून त्याने वर केली.

"ही बघ, ही पिलांची आई. पिलं आतच आहेत. एक सोडणार नाही."

सेराफिनाने पेजेचं भांडं खाली ठेवलं. खाडीचा बांध खणायचा नसतो. सासरा घुशीच्या बिळात बाभळीचे काटे कोंबी, वर खाडीचा चिकट चिखल पायांनी तुडवून बसवी, आणि घुशीला तिच्या नशिबावर सोडी. बांधाची माती वर्षानुवर्षं बसून दगड झालेली असते. एकदा हलवली की ती पुन्हा दगड होत नाही. नुसती माती राहते.

तिने तोंड उघडलं. तेवढ्यात तो कपाळावरचा घाम पुसत म्हणाला, "घरात बसून तुझं डोकं खाण्यापेक्षा हे बरं ना?" त्याचा चेहरा लग्नातल्या फोटोत होता तसा दिसत होता.

आज सांगितलं तर उद्या हा पुन्हा चुलीपाशी, असं तिच्या मनात आलं. उन्हं पडली की माती बसेल, असंही आलं.

"पेज गार होतेय," ती म्हणाली.

भाद्रपदाच्या अमावास्येला मोठं उधाण येतं. भर दुपारी भरती चढत होती आणि सेराफिना वाल सोलत होती. ल्युसी पदर खोचत अंगणातून पळत गेली. "सेराफिना, बांध गेला," एवढंच बोलली आणि थांबली नाही.

कामाचा दिवस, पुरुष सगळे मुंबईत. बायका टोपल्या घेऊन धावल्या. मिठागरावर काम करणारा धोंडू दोघा-तिघांना घेऊन आला. सेबॅस्टियन भगदाडाच्या तोंडाशी छातीभर पाण्यात उभा राहून माती मागत होता, आणि टाकलेली प्रत्येक टोपली त्याच्या अंगावरून शेतात वाहून जात होती. मग धोंडूने त्याला काखेत धरून ओढून बाहेर काढलं. "अहो बाबा, आता माणूस टाकला तरी बुजायचं नाही ते." सगळे उभे राहून बघत राहिले. निसवलेल्या भातात खाडीचं पाणी पसरत गेलं, आणि कणसांच्या मधून बोय माशांची पिलं पोहत आली.

ओहोटीला पाणी निघालं, धोंडूच्या माणसांनी भगदाड बुजवलं, पण मीठ आत राहिलं. चार दिवसांत पात्यांची टोकं करपली. आठवड्याने पाचही शेतं वाळक्या गवताच्या रंगाची झाली.

सेबॅस्टियन भेटेल त्याला सांगत होता, "घुशींनी घात केला. मला अजून थोडे दिवस मिळायला हवे होते. पुढच्या वर्षी वेळेवर सुरुवात करतो, दुसऱ्या टोकापासून." लोक मान हलवत. वयाने मोठा माणूस, तोंडावर कोण बोलणार?

ल्युसी मात्र विहिरीवर सेराफिनाला भेटली. तिचं शेत भगदाडाला लागूनच होतं. तिने आधी कळशी भरून घेतली.

"सगळ्या पाखाडीला ठाऊक आहे," ती म्हणाली. "एकट्या बस्त्यावला नाही. तू सांगतेस की मी सांगू? कारण तो पुन्हा कुदळ घेऊन गेला ना, तर मी बांधावर आडवी पडेन, सांगून ठेवते."

"मी सांगते," सेराफिना म्हणाली.

तिने त्याच दुपारी सांगितलं, भात वाढता वाढता, त्याच्याकडे न बघता. बांध घुशींनी नाही, खणण्याने गेला. सेबॅस्टियनचा घास हातातच राहिला.

"आम्ही लहानपणी खणायचो की," तो म्हणाला. "सगळी पोरं मिळून. बाबा बघायचे, हसायचे."

"ते शेतातले बांध रे, आतले. कापणी झाल्यावर. पोरांचा खेळ होता तो."

तो विचार करत राहिला. गोदीत गोण्यांचा मेळ लागला नाही की असाच बसत असावा.

"तू बघितलं होतंस," तो म्हणाला. "पेज घेऊन आली होतीस."

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

सेराफिनाने आमटी वाढली. खरं उत्तर तिच्या जिभेवर होतं आणि ते इतकं लहान होतं की पाच घरांच्या भातासमोर उच्चारायची लाज वाटली. "मला वाटलं, तुला ठाऊक असेल," ती म्हणाली.

त्याने मान डोलावली. त्याने तिच्यावर विश्वास ठेवला. रागावला असता, ताट भिरकावलं असतं, तर तिला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी तो कोट घालून ल्युसीच्या दारात गेला आणि उभा राहिला. ल्युसी म्हणाली, "ये, बस. चहा घे." तो चहा घेऊन परत आला. बाकीच्या घरी गेलाच नाही. त्यानंतर त्याने घरात काही मोजलं नाही, कुठे काय ठेवायचं ते सांगितलं नाही. स्वयंपाकघराच्या दारातून तो आत डोकावेनासा झाला. वाढलं की जेवे, विचारलं की "चालेल" म्हणे. दिवसभर घरात चुलीचा आवाज तेवढा येई, आणि तो सेराफिनाला सहन होईना. कधी कधी ती मुद्दाम विचारी, "मीठ बरोबर आहे का रे?" तो म्हणे, "बरोबर आहे."

आगेऱ्याला वरच्या शेतांतल्या लोकांनी कणसं नेली. खाजणाच्या पाच घरांतून कुणी गेलं नाही. दोन घरांनी ठरवलं, आता लावणी करायची नाही. मीठ धुऊन जायला तीन पावसाळे चांगले लागतात, आणि मुंबईचा पगार दर महिन्याला येतो. तीन घरांना तेवढा बांध राखणं जमणार नव्हतं. हे कुणी बोलून दाखवलं नाही. बोलायची गरज नव्हती.

तरी सेराफिना विळा घेऊन शेतात गेली. मेलेलं भात उभं बघवत नव्हतं. ती कापत होती आणि मागे पावलं वाजली. सेबॅस्टियन होता. त्याने धोंडूकडून विळा आणला होता.

"कापून काय करायचं?" त्याने विचारलं.

"काही नाही. गुरं खात नाहीत, खारट झालंय. कापायचं नुसतं."

तो तिच्या बाजूला वाकला. त्याला मूठ धरता येत नव्हती, दर वेळी दोन-चार काड्या सुटत. तिने त्याला दाखवलं नाही. दोघं संध्याकाळपर्यंत एका ओळीने कापत गेली. मग त्याने एक पेंढी बांधून डोक्यावर घेतली, आणि ती इतकी हलकी निघाली की जोर लावलेला तो मागच्या मागे झोकांडला.

"सेराफिना," तो म्हणाला, "यात काहीच नाही गं."

"नाही," ती म्हणाली, आणि पुढची मूठ धरली.