तापीत टाकलेलं दुसरं नाणं

मित्रांनो, आज आईसोबत बंगळुरूहून विमानाने सुरतला आलो. उतरताना पायलटने हिंदीत सांगितलं की, दिशा दाखवणारं एक उपकरण नीट चालत नाही, म्हणून पुन्हा एक फेरी मारून उतरू.

आईने विचारलं, "काय म्हने तो?"

"खाले गर्दी शे," मी खोटं सांगितलं.

"मंग मन्हा हात इतला काबर दाबी ऱ्हायना?"

सुखरूप उतरलो. जीपने आमच्या गावी, खापरला येताना तापीच्या पुलावर आईने नेहमीसारखं नाणं टाकलं. लगेच दुसरंही टाकलं.

"हाई कशाले?"

"विमान पुन्हा फिरनं तव्हय तापीले कबूल करेल व्हतं. तुले सांगं नही, तू आखो घाबरता."

तुमच्या घरी कोण कोणापासून भीती लपवतं?