सावडीचा भात

मंडळी, आज कडावच्या माझ्या शेतात भातलावणीचं यंत्र आणलं. दुपारच्या आत सगळं आटपलं.

ऐंशी सालाच्या सुमारास मी एक विज्ञानकथा लिहिली होती. त्यातलं यंत्र माणसापेक्षा हुशार होतं आणि रोज आणखी हुशार होत जायचं. एकमेकांच्या शेतात लावणीला जायची आमची सावड होती. तिथेच बांधावर जेवताना कथा वाचून दाखवली. शेजारचा गणपत म्हणाला, "समदं त्यालाच येतंय, मंग आमाला कोन बोलवील रं?" सगळे हसलो.

यंदा मी कोणालाच बोलावलं नाही. तरी सवयीने सावडीचा, सगळ्यांना पुरेल एवढा भात शिजवला. यंत्रवाला स्वतःचा डबा खाऊन गेला.

भरलेलं पातेलं समोर आहे. लावणी तर झाली. आता गणपतला काय म्हणून बोलावू?