टॉर्चच्या उजेडाबाहेर

स्टुडिओत त्याला सगळे नकल्या म्हणत. कुणाची चाल, कुणाची खोकायची ढब एकदा बघितली की त्याच्या हातात उतरायची. अ‍ॅनिमेशनच्या कामात पंधरा वर्षं तो त्या जोरावर टिकला होता, आणि जेवणाच्या सुट्टीत हशाही त्याच जोरावर पिकवायचा.

तेव्हा एका छोट्या फिल्मचं काम चालू होतं. एक मुलगी अंधाऱ्या खोलीत टॉर्च घेऊन मांजर शोधते, एवढाच प्रसंग. खोली बाईंनी रंगवली होती. बाई म्हणजे स्टुडिओतल्या सर्वांत जुन्या चित्रकार, अजूनही कागदावरच रंगवणाऱ्या. अलीकडे त्यांचा हात थरथरायचा, म्हणून त्या काम सोडणार होत्या. नकल्याने त्यांचं चित्र स्कॅन करून खालच्या लेअरवर ठेवलं, वरच्या लेअरवर एक गोल काढला आणि त्याचा मास्क केला. गोल सरकेल तिथलीच खोली दिसायची, बाकी सगळा काळोख.

वरच्या कोपऱ्यात टॉर्च कधीच जाणार नव्हता. तिथे नकल्याने बाईंना काढलं. एकेका बोटाला कंपाच्या दहा-दहा रेघा, ब्रशमधून नाकावर उडालेला रंग. शेजारच्या दोघांना दाखवलं. तिघंही पोट धरून हसले. मग तो विसरूनही गेला.

बाईंच्या निरोपाच्या दुपारी दिग्दर्शकाने सगळ्यांना मोठ्या पडद्यासमोर बसवलं. प्रसंग संपल्यावर तो म्हणाला, "बाईंची खोली अशी तुकड्यातुकड्यानेच बघायची का? मास्क बंद कर रे. सगळी दिसू दे."

नकल्या घाईघाईने म्हणाला, "सर, फाइल जड आहे, अडकेल..." पण दिग्दर्शकाने स्वतःच माऊस हातात घेतला.

खोली उजळली. कोपराही उजळला.

कुणी हसलं नाही. शेजारचे ते दोघे आपापल्या चपलांकडे बघत राहिले. बाई चष्मा लावून पडद्याजवळ गेल्या.

"ही मी ना?"

नकल्याने मान हलवली.

"बरं," एवढंच म्हणून बाईंनी उजवा हात डाव्या हाताने दाबून धरला. धरणीने पोटात घ्यावं, असं त्याला झालं.

पुसायला बसला तेव्हा कळलं, वेगळा लेअर घ्यायचाही त्याने आळस केला होता. थेट बाईंच्या भिंतीवर काढून तसंच सेव्ह केलेलं. पुन्हा स्कॅन करायला हवा असलेला मूळ कागद बाई घरी घेऊन गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी त्याने त्यांची बेल वाजवली. सुनेने दार उघडलं. मागून आलेल्या बाई तिला म्हणाल्या, "हा आमचा अ‍ॅनिमेटर. हात फार छान आहे याचा."

ते ऐकून त्याला राहवेना. "बाई, मी फार हलकटपणा केला. तुमच्या हाताची अशी चेष्टा..."

सून बघतच राहिली.

"कालचं घरात मी बोलले नव्हते," बाई हळूच म्हणाल्या. "आता तूच सांगितलंस."

त्याने चित्राचा कागद मागितला, तसा त्यांनी तो आतून आणून दिला. तो थरथरत त्याच्या हातात आला.

"बाई, माफ करा."

"आत्ता नाही जमत रे. कागद दुमडू नकोस."

फिल्म पूर्ण झाली. ती दाखवली त्या दिवशी बाई आल्या नाहीत. कागद परत द्यायला तो गेला, तेव्हा सुनेने तो दारातच घेतला, पाणीसुद्धा विचारलं नाही. जिना उतरताना त्याला तिचं काही चुकलं असं वाटलं नाही.