ऑपरेशनच्या आधी गंगाजल

मैत्रिणींनो, आपल्या नर्सेसची ही फिरती वही सांगलीहून साताऱ्याला जाण्याआधी आजचा संताप लिहून ठेवते.

उंब्रजच्या पारूबाईंच्या पोटातली गाठ आज काढायची होती. चार दिवस मी त्यांना खोल श्वास घ्यायला शिकवलं, धीर दिला. रात्रीपासून पाण्याचा थेंबही दिला नव्हता.

सकाळी जरा पाठ फिरवली, तर जावेनं त्यांच्या तोंडात तुळशीपत्र ठेवून तांब्यातलं गंगाजल ओतलं. घरचे खाटेभोवती गळा काढून रडत होते. पोटात पाणी गेल्यावर क्लोरोफॉर्म कसा देणार? ऑपरेशन राहिलं.

"आवं बाई, शेवटचं पानी नगं व्हय पाजायला?" जाऊ मलाच म्हणाली. मी रोज पूजा करते, पण आज त्या तांब्याचीसुद्धा किळस आली.

सगळे गेल्यावर पारूबाई म्हणाल्या, "समद्यांनी निरोप दिला. आता जित्ती घरी कुठल्या तोंडानं जाऊ?"

तुम्ही काय उत्तर दिलं असतं?