माझ्या स्कॉलरशिपची वरात

परदेशात शिकता शिकता सरकारी स्कॉलरशिपचा अर्ज केलेली चार मराठी पोरं एकत्र आली की अभ्यासाचं कुणी बोलत नाही. "तुझं कुठं अडकलंय?" एवढं विचारलं की पुरे, चहा गार होतो! मिळाली की नाही, हे लोक एकदाच विचारतात. किस्से मात्र दर भेटीत मागतात. माझ्याकडे ते जरा जास्तच साठलेत, कारण अर्ज माझ्या एकटीच्या नावावर होता आणि धावत अख्खं घर होतं.

आम्ही माण तालुक्यातले. घरी मेंढरं. दिवाळी झाली की आबा, म्हणजे माझे वडील, आणि आई कळप घेऊन कऱ्हाडकडच्या ऊसपट्ट्यात उतरतात आणि पावसाळ्याच्या तोंडाला परततात. मी स्कॉटलंडमध्ये मातीवर पीएचडी करते. हे आबांना पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "माती बघाया इतक्या लांब? हितली संपली व्हय गं?"

पहिल्या वर्षाचं विद्यापीठाने निभावून नेलं. पुढच्या फीची हमी मात्र उन्हाळ्याच्या सुट्टीआधी द्यायची होती, नाहीतर नोंदणी रद्द आणि मी बॅग भरून घरी. म्हणून राज्य सरकारच्या योजनेत अर्ज टाकला. कागदपत्रांचं खातं नानांकडे. नाना माझे थोरले चुलते, फौजेतून सुभेदार होऊन रिटायर झालेले. राहतात साताऱ्यात, आणि कुठल्याही ऑफिसात सॅल्यूट ठोकल्याशिवाय शिरत नाहीत.

*

पहिली अडचण आली शिक्क्याची. विद्यापीठाने पत्र दिलं, सहीसकट. नाना ते घेऊन पुण्याच्या ऑफिसात गेले. तिथल्या साहेबांनी पत्र उलटं-सुलटं करून पाहिलं आणि विचारलं, "गोल शिक्का कुठं आहे?"

मी आमच्या डिपार्टमेंटच्या सेक्रेटरीबाईंना गाठलं. त्या बिचाऱ्या म्हणाल्या, "आमच्याकडे शिक्का नसतो. सहीवर विश्वास ठेवत नाहीत का तुमच्याकडे?" आता त्यांना काय सांगणार! मी म्हटलं, "ठेवतात, पण शिक्का असला की जास्त ठेवतात."

बाईंनी सगळे ड्रॉवर उपसले. शेवटी लायब्ररीच्या जुन्या सामानात एक शिक्का सापडला. गोल होता! त्यावर विद्यापीठाचं नाव होतं आणि खाली बारीक इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं, 'हे पुस्तक बाहेर नेऊ नये.' बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी बाईंकडे. मग त्यांनीच तो शाईत बुडवून ठप्पकन मारला.

पुण्याच्या साहेबांनी नानांसमोर पत्र उजेडात धरलं आणि म्हणाले, "आता कसं! पहिल्यांदाच असं आणलं असतं तर?"

*

त्यानंतर रहिवासाची चौकशी. एक साहेब मोटारसायकलवरून आमच्या गावी गेले. घराला कुलूप. शेजारच्या सखूआत्या ओट्यावर बसलेल्या. साहेबांनी विचारलं, "इथं कुणी राहत नाही का?"

"राहत्यात की. पर घर कऱ्हाडाकडं गेलंय."

"घर गेलंय?"

"व्हय. दिवाळी झाली की जातंय. पावसाळ्यात येतंय."

साहेब मूळचे कऱ्हाडच्याच बाजूचे. सुट्टीला घरी जाताना नानांकडून पत्ता घेऊन ते थेट रानात पोहोचले. आबांनी घोंगडं अंथरलं, आईने चहा ठेवला. साहेबांनी फाइल उघडून विचारलं, "तुमचा कायमचा पत्ता?"

आबांनी बिऱ्हाड वाहणाऱ्या घोड्याकडे बोट केलं. "ह्याला इचारा. ह्यो थांबंल तितं आमी."

साहेब हसले, पण रिपोर्ट त्यांनी सरळ दिला : घर गावातच आहे, कुटुंब मेंढरं घेऊन फिरतीवर आहे. निघताना मात्र घुटमळले. आईला वाटलं, आता काय राहिलं?

साहेब म्हणाले, "पुढच्या आठवड्यात कुठं असाल? पलीकडच्या गावात माझ्या भावाचं रान आहे. ऊस तुटलाय. मेंढरं बसवायची होती."

रात्री रानात कळप बसला की लेंड्या-मुताचं खत आयतं मिळतं, त्यासाठी शेतकरी धान्य देतात. तर सरकारी चौकशीत आम्हांला एक रान मिळालं!

*

मग ऑनलाइन मुलाखत. नाना म्हणाले, "आधी रिहर्सल." त्यांनी व्हिडिओ कॉल लावला. अंगात इस्त्रीचा शर्ट, छातीवर मेडल. मी समोर ताठ बसलेली.

"पहिली गोष्ट, लांबण लावायची न्हाई. फौजेत उत्तर दोनच. येस सर, नो सर. चल. पीएचडी कशासाठी करतीस?"

मी म्हटलं, "येस सर."

नानांनी मेडल काढून टेबलावर ठेवलं. मग म्हणाले, "तू आपली लांबणच लाव."

*

निकालाची वाट बघण्याचे दिवस वाईट गेले. त्या दिवसांत मी एकदा डोंगरावर फिरायला गेले आणि तिथून आबांना व्हिडिओ कॉल लावला. सगळ्या उतारावर मेंढरं पसरलेली. म्हटलं, आबांना बरं वाटेल.

आबा डोळे बारीक करून बघत राहिले. "राखणदार कुटं हाय?"

"नसतो इथे, आबा. मेंढरं आपली आपण चरतात."

"काठी घेऊन कुणीच न्हाई?"

"कुणीच नाही."

आबांनी आणखी एकदा उतार न्याहाळला. मग म्हणाले, "मग न्हाई झाली स्कॉलरशिप तर तितंच ऱ्हा की. लय जागा रिकाम्या हायत!"

मी खूप हसले. फोन ठेवला आणि रडू आलं. मला हाकलायला निघालेलं नशीब त्यांनी एका वाक्यात परत फिरवलं होतं, निदान त्यांच्यापुरतं तरी.

*

निवड झाली. पण खरी मेख पुढेच होती. मुदतीत बाँड द्यायचा, त्यावर दोन जामीनदार हवेत, दोघांच्या नावावर जमीन हवी. मी कोर्स अर्धवट सोडला किंवा परत आलेच नाही, तर वसुली त्यांच्याकडून. बाँड नाही आला तर जागा दुसऱ्याला.

एक जामीनदार नाना. दुसरे तासगावचे मामा, हे घरात सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. द्राक्षबाग, बेदाण्याचं शेड, आणि माझी शाळा त्यांच्याच घरी राहून झालेली. मामा आबांना म्हणाले, "दाजी, पोर माझी हाय. पर कागदाचं न्हाई जमायचं."

मला वाईट वाटलं, आजही वाटतं. मामांनाही त्यांची पोरं आहेत, हे कळत असूनही वाटतं.

तेव्हा आमचा कळप कऱ्हाडजवळ तात्यांच्या रानात होता. तात्या जुने बागायतदार. आबांच्या लग्नाआधीपासून आमची मेंढरं दरवर्षी त्यांच्याकडे बसतात. पण ज्याच्या रानात बसायचं त्याच्याकडे ठरलेल्या धान्यापलीकडे काही मागायचं नाही, ही आमच्यातली रीत. आबा तोंड उघडेनात. मुदत संपत आली, आभाळ भरून यायला लागलं, तरी आबा कळप हलवेनात.

तात्यांनाच शंका आली. त्यांनी आबांना विचारलं, "बिरू, परतीचा वकूत झाला. मेंढरं का हालंनात रं?"

आबा मेंढरं मोजू लागले. आईने पदर सावरत सगळं सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या धुतलेली टोपी घालून, सातबारा काखेत घेऊन रानात हजर. "चल. सही कुटं करायची?"

कऱ्हाडच्या कचेरीत नानांनी मला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन टेबलावर ठेवून दिला. त्यामुळे मला दिसत होता फक्त छताचा पंखा. आवाज मात्र स्पष्ट येत होता.

कारकून म्हणाला, "काका, नीट ऐका. मुलगी परत आली नाही तर जबाबदारी तुमची."

"तिचा बाप दरसाल येतोय की," तात्या म्हणाले.

"बरं. अर्जदाराशी नातं काय लिहू? भावकी?"

"न्हाई."

"पाहुणे?"

"न्हाई."

"मग? रकाना मोकळा ठेवता येत नाही, काका."

पंखा गरगरत होता. तात्या विचार करून सावकाश म्हणाले, "लिवा, हिच्या बापाची मेंढरं माज्या रानात बसत्यात."

"एवढं मावणार नाही इथं."

"मग नुसतं 'मेंढरं' लिवा."

कारकुनाने तेच लिहिलं. आणि गोल शिक्क्याशिवाय जिथे पान हलत नाही, त्या पुण्याच्या ऑफिसात तो बाँड एकही शंका न काढता मंजूर झाला.